उंबरठ्यावरचा पांढरा पट्टा

इस्ना, बंधाऱ्यापाशी बोटींच्या रांगेत
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०१९, भर दुपार

चिरंजीव हमाम,

तुझ्यावर शांती असो, आणि तुझ्या अकरा वर्षांच्या मौनावरही. मी बरा आहे, घरची मंडळी बरी आहेत. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं आहे, कारण बोट हलते आहे.

तुझी बोट रांगेत आमच्यापुढे तिसरी. भोंग्यावरून ओळखली. दोन आखूड, एक लांब, असा आपल्या आबांच्या पद्धतीने वाजवणारा, सुकाणूवरचा रईस आता या नदीवर तू एकटाच. बंधाऱ्याचं दार एका वेळी दोनच बोटी आत घेतं, तेव्हा संध्याकाळपर्यंत आपण दोघेही स्थावर मालमत्ता आहोत. फेरीवाले होड्या घेऊन भोवती जमलेत आणि खालून झगे वर भिरकावताहेत. आत्ताच एक निळा झगा माझ्या सव्वीस पर्यटकांपैकी एकाच्या सूपमध्ये येऊन पडला. त्याने विचारलं, हे सहलीत समाविष्ट आहे का. मी म्हणालो, सूप आहे.

वैतागलो आहे, हमाम. सहस्रावधी वर्षं उभी असलेली देवालयं मी दीड-दीड तासात उरकतो, कारण साडेबाराला जेवण असतं. राजांच्या दरीत तर आम्हा वाटाड्यांना थडग्याच्या आत तोंड उघडायची बंदी. बाहेर उन्हात चित्रं दाखवायची, काय सांगायचं ते सांगायचं, मग मंडळींना आत सोडून आपण बाकावर. बावीस वर्षं मी मेलेल्यांच्या दारात बसून जिवंतांच्या टोप्या सांभाळतो आहे. खरं सांगायचं तर हल्ली हा नियम मला सोयीचा वाटू लागला आहे. आत पायऱ्या फार. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी एक तक्रार, थेट तुझ्याविरुद्ध. लक्सरच्या धक्क्याला जागा नसते म्हणून बोटी एकमेकींना खेटून लागतात आणि बाहेरच्या बोटीतल्या माणसाला आतल्या सगळ्या बोटींचे दिवाणखाने तुडवत किनारा गाठावा लागतो, हे तुला मी काय सांगावं. आठवड्यातून दोनदा मी माझा कळप घेऊन तुझ्या बोटीतून जातो. तू वर सुकाणूपाशी असतोस आणि खाली येत नाहीस. ते मी सोसलं. पण असा लखलखीत पितळी उंबरठा, आणि त्यावर चार बोटं रुंद पांढरा पट्टा! नवऱ्या मुलीच्या कपाळाला चुना फासावा तसा. या नदीवरच्या दुसऱ्या कुठल्याही बोटीवर असलं कुरूप काम मी पाहिलेलं नाही. तुझ्या खलाशाला, शाझलीला, हटकलं. दाढीतल्या दाढीत हसत म्हणाला, "रईसचा हुकूम आहे, उस्ताद. दर पंधरा दिवसांनी नवा हात. कशाला ते आम्हाला ठाऊक नाही. कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, उंदरांसाठी."

मी त्यावर लोकांना चांगलं हसवलं. फळीवर उभा राहून म्हणालो, ही आमच्या नौकाधिपतींची सौंदर्यदृष्टी.

आता गेल्या बुधवारचं. एडफूच्या देवळात, आतल्या काळोख्या दालनात, मी नेहमीच्या जागी उभा राहिलो, नेहमीसारखा हात वर केला आणि भिंतीवरच्या देवीच्या मुखाचं वर्णन सुरू केलं. ओठांची रेघ, गळ्यातला हार, छिन्नीचा नाजूकपणा. चांगलं चाललं होतं. मग एका निवृत्त बेल्जियन मोजणीदाराने अतिशय नम्रपणे विचारलं, "देवी नेमकी कुठे आहे?"

भिंतीवर राखाडी कापड होतं, हमाम. वरपासून खालपर्यंत. दुरुस्तीचं काम काढलं आहे, म्हणे आठ दिवस झाले. मी एका पडद्याच्या ओठांचं कौतुक करत होतो.

मंडळींना तो विनोद वाटला. मीही हसलो. बावीस वर्षं पाठ केलेलं बोलतो आहे, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या मोजणीदाराच्या मात्र आलं. नंतर त्याने माझी पाण्याची बाटली उचलून माझ्या हातात दिली. मी ती शोधत होतो आणि ती माझ्या पायाशीच होती.

बोट हलत नाही. नांगर टाकून तीन तास झाले.

काचबिंदू आहे. केना शहरातल्या डॉक्टरने मार्चमध्ये सांगितलं. कडा गेल्या आहेत, आधी खालच्या. मधलं दिसतं, उजेडात बरं दिसतं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब टाकून सांभाळायचं. त्याने विचारलं, घरात कुणाला होता का. मी म्हणालो, आठवत नाही. या मुखाने आजवर किती राजांच्या सात सात पिढ्या अडखळल्याशिवाय म्हटल्या असतील, आणि स्वतःचा बाप आठवेना.

कंपनीला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, तेही अर्धंच. आणि तुझ्या उंबरठ्यावरचा पहिला हात एप्रिलचा आहे, हे मी शाझलीकडून काल काढून घेतलं. वरून तू माझी चाल पाहिलीस, आणि मी कुणाला सांगायच्या आत रंग मागवलास.

परवा रविवारी लक्सरला पाच बोटी लागल्या होत्या आणि आपल्या दोन बोटींमधली फळी एकीकडे वर चढलेली होती. मी मागे वळून मंडळींना काहीतरी सांगत होतो. कुणीतरी माझं कोपर धरलं. इतक्या हळू, की मागच्यांना दोन मित्र भेटले असंच वाटलं असेल.

"खाली बघू नकोस, उस्ताद," तू म्हणालास. "लोक तुझ्याकडे बघतायत. पाय उचल."

मी म्हणालो, "मला दिसतंय."

"आबाही हेच म्हणायचे."

एवढंच. अकरा वर्षांत पाच वाक्यं, आणि त्यातलं एक माझं, खोटं.

तेव्हा आता आबांबद्दल. दोन वर्षं तू त्यांच्या डाव्या खांद्याशी उभा राहून हळू आवाजात वाळूचे उंचवटे सांगत होतास, आणि त्यांचं सुकाणू चुकलं नाही. एकदा तू तापाने पडलास आणि बोट वाळूत रुतली. त्या बोटीवर वाटाड्या मी होतो. कंपनीच्या साहेबांनी विचारलं आणि मी लिहून दिलं, की रईस तौफिक यांना डावीकडचं दिसत नाही. ते खोटं नव्हतं. शंभर माणसं बोटीवर होती, लिहायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण कचेरी दुसऱ्या मजल्यावर आणि आबा खाली ओट्यावर चहा पीत बसले होते. मी जिना उतरून त्यांच्याशेजारून गेलो आणि काही बोललो नाही. सुकाणू काढून घेतल्याचं त्यांना कळलं ते एका कारकुनाकडून, चार खलाशांसमोर. तू रागावलास तो त्या कागदावर, असं मी इतकी वर्षं सोयीने धरून चाललो. तू त्या ओट्यावर रागावला होतास.

तू माझ्याबद्दल कुणाला सांगितलं नाहीस. सांगू शकला असतास, माझाच कित्ता होता. पण पट्टा एकाच बोटीवर आहे, हमाम. बाकीच्या चार बोटींवर मी सव्वीस माणसांना पाठीशी घेऊन अंदाजाने चालतो आहे. हे या फेरीपुरतंच. शुक्रवारी असवानला उतरलो की कंपनीला स्वतः जाऊन सांगणार. मग शाळेत शिकवीन, किंवा घरी बसून बायकोला फराओ समजावीन. ती बिचारी जेवणाची वेळ तरी पाळते.

पण त्याआधी उद्या एडफू आहे. मंडळींना टांग्यांतून देवळाकडे नेऊन आणलं, की दुपारी मला दोन तास मोकळे मिळतात. आबा नदीपलीकडच्या वस्तीत, नदीकडे पाठ करून बसलेले असतील. मी ईदला जातो, ते मला चहा देतात, पाहुण्याला देतात तसा. उद्या मला त्यांना सांगायचं आहे, की त्यांचे डोळे माझ्याकडे आले आहेत. कंपनीच्या आधी, कुठल्याही कारकुनाच्या आधी, माझ्या तोंडून. आणि त्या ओट्याबद्दलही.

एकट्याने गेलो तर मी हवापाण्याबद्दल बोलून परत येईन. मला मी ओळखतो.

तू ये. उतारूंच्या होडीत चढताना एक फळी आहे, आणि आबांच्या दाराला उंबरठा आहे, त्यावर पट्टा नाही. तू पुढे हो. काही बोलू नकोस वाटलं तर. निदान तुझ्या पांढऱ्या झग्यामागून तरी मला चालता येईल.

हे पत्र शाझलीच्या हाती देतो आहे. त्याला सांगितलं आहे, की उंदरांबद्दल आहे.

तुझ्या उंबरठ्यावर एप्रिलपासून एकदाही न अडखळलेला,
तुझा भाऊ
बद्री