आमच्या घरात मेंढरं मोजत नाहीत

१२ जानेवारी, रविवार

आबांनी मोबाईल माझ्या पुढ्यात ठेवला. "हे वरचं काढ." वरचं म्हणजे कोपऱ्यातला आकडा — कळपात किती मेंढरं ते. "आपलं जितराब आपुन मोजायचं नसतंय. नजर लागती. मोजतो त्यो इकत घेणारा."

मी म्हटलं, आबा, गेम आहे हा. ते उठले आणि ओट्यावर जाऊन बसले.

काढला आकडा. दुसरं काय करणार? दसऱ्याच्या आधी आबा मोतीबिंदूसाठी नांदेडला गेले होते, तेवढ्यात माझ्या भावाने, रामहरीदादाने, मेंढरं विकून टाकली. "आबांचे गुडघे गेले, मी परभणीत दुकान बघू का मेंढरं वळू?" — हे त्याचं म्हणणं. खरंही असेल. पण विचारायचं तरी! डोळ्याची पट्टी काढून आबा घरी पालमला आले तर मेंढवाडा मोकळा. तेव्हापासून दादाशी अबोला, आणि आम्हाला हो-नाहीपुरतं उत्तर. जेवण म्हणजे चार घास.

मग मी ऑफिससाठी करते आहे तो मेंढपाळाचा गेम त्यांच्या मोबाईलवर टाकला. त्यांना विचारून विचारून एकेक मेंढी त्यात तशीच्या तशी उभी केली. काळतोंडी, बांडी, मोरी. कोणाचा कान कापलेला, कोण कोणाची लेक. तेव्हा कुठे माणूस भाकरी मागून घ्यायला लागला. त्यामुळे आबा म्हणतील ते मुकाट करायचं.

१३ जानेवारी, सोमवार

पुण्याहून ऑफिसच्या गोपाळ सरांचा फोन. "गेम सेव्ह करायला तयार कोडची लायब्ररी आहे ना, कशाला हाताने लिहितेस?" तयार आहे, पण ती आबांच्या जुन्या मोबाईलवर रडतखडत चालते, हे सरांना कोण सांगणार! त्यांच्याकडे सगळे मोबाईल नवे.

काम साधंच आहे. गेमच्या इंजिनाला आकडे कळतात, मेंढी कळत नाही. म्हणून गेम बंद होताना प्रत्येक मेंढीचे आकडे ओळीने फाईलमध्ये लिहायचे — आधी वय, मग रंग, मग कानाची खूण, मग आई. उघडताना त्याच क्रमाने वाचायचे. फाईलच्या सुरुवातीला एकूण मेंढरं किती ते लिहिलेलं होतं. तेही आज काढून टाकलं. आबांच्या धाकाने, का आबांच्या लाडाने, ठाऊक नाही. त्याऐवजी शेवटी शून्य लिहिते. वयाच्या जागी शून्य आलं की समजायचं, कळप संपला. शून्य महिन्यांची मेंढी कुठे असते?

१४ जानेवारी

संक्रांत. दादाचा फोन आला. आबांनी घेतला नाही. मायने एकटीने बोलून घेतलं.

१८ जानेवारी, शनिवार

गेममध्ये मोरी व्याली! पहिलं कोकरू. आबांनी मोबाईल घेऊन गल्लीत चांगुणाबाईंना दाखवला. चांगुणाबाई म्हणाल्या, "बया, काय देखणं हाय!" आबा हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

संध्याकाळी मी गेमची ती फाईल तपासायला म्हणून लॅपटॉपवर घेतली. पण उघडून बघितली नाही, कारण तेवढ्यात दादा आला. आबा भिंतीकडे तोंड करून पडले. दादाने उगाच इकडंतिकडं केलं, आबांचा मोबाईल उचलून चार्जिंगला लावला. तेवढंच त्याने या घरात काम केलं.

१९ जानेवारी, रविवार

दादा सकाळच्या एसटीने गेला. आबांनी गेम उघडला. काळतोंडी, बांडी, मोरी. बस. बाकीचं माळरान मोकळं. कोकरूसुद्धा नाही.

आबांनी मोबाईल हातात फिरवून पाहिला. मग मला विचारलं, "हीबी इकली का त्यानं?"

२० जानेवारी

सापडलं. कोकराचं वय — शून्य महिने. ते आईच्या लगेच नंतर लिहिलं जातं. मोरीच्या नंतर शून्य आलं, गेमला वाटलं कळप संपला, आणि त्याने उरलेल्या तिघींचीच फाईल पुन्हा लिहून टाकली. माझ्या लॅपटॉपवरची शनिवारची फाईल मात्र शाबूत आहे.

गोपाळ सर म्हणाले, "हा घोळ पहिल्या वर्षाची मुलं करतात. सुरुवातीला संख्या लिहायचीच असते. का नाही लिहिलीस?" काय सांगू? आमच्या घरात मोजत नाहीत म्हणून? म्हटलं, विसरले.

आबांना सांगितलं नाही. सांगायला गेले होते. पण ते ओट्यावर बसून, समोर नसलेल्या दादाला मोठ्याने बोलत होते. "मला इचारलं न्हाई. मी मेलो व्हतो का? डोळ्याला पट्टी व्हती, तोंडाला न्हवती!" दसऱ्यापासून पोटात ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं. मला ते ऐकायचंच होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मागे फिरले.

२१ जानेवारी, मंगळवार

फाईलच्या सुरुवातीला पुन्हा संख्या लिहायला लागले. स्क्रीनवर दिसणार नाही, आबांना कळणार नाही. शनिवारच्या फाईलमध्येही हाताने संख्या घातली आणि ती नव्याने वाचली. सगळी आली. मोरीमागे कोकरू.

आबांना दाखवलं नाही. मोबाईल दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगितलं. तो माझ्या कपाटात आहे. आणखी एक दिवस बोलू दे की त्यांना! दादाला काय, चार महिने कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही त्याला.

२२ जानेवारी

दादाचा फोन. "साधे, आबा मला चोर म्हणायलेत म्हणं. चांगुणाबाईच्या पोरानं सांगितलं. मी फकस्त चार्जिंगला लावला गं."

म्हटलं, मला काय माहीत.

"खरी मी इकली, ते कबूल हाय. पण ही कशाला इकू? ही कोण घेणार हाय?"

मी फोन ठेवला. रागानेच, असं मला वाटलं.

२३ जानेवारी

आबांनी ताट सरकवलं. दोन्ही वेळा.

२४ जानेवारी, शुक्रवार

आबांचं बोलणंही थांबलं. माझी काय अक्कल — मला वाटलं होतं बोलून बोलून मोकळे होतील. माय चुलीपाशी म्हणाली, "तुला खरंच जमंना का ती मेंढरं परत आणणं? का जमवायचं न्हाई?" मायला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. माझ्यातलं कळतं.

कपाटातून मोबाईल काढला, आबांच्या हातात दिला. त्यांनी एकेकीवर बोट ठेवलं, नाव घेतलं. कोकरावर बोट बराच वेळ राहिलं.

मी म्हटलं, आबा, चूक माझी होती. मीच चुकीचं लिहिलं होतं. दादाने काहीच केलेलं नाही.

"भावाला झाकू नकू."

नाही हो आबा, खरंच माझी चूक. शून्याचं, वयाचं, सगळं सांगितलं. तीनदा सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग मायला म्हणाले, "भाकर टाक."

२६ जानेवारी, रविवार

दुपारी दादाचा फोन आला. आबांनी माझ्या हातातून घेतला, नेहमीसारखा स्पीकरवर लावला. "आणून सोडलीस न्हवं समदी? मंग झालं. ये घरी."

मग दादा म्हणाला, "हां आबा. सोडली."