तुमच्या अर्थिंगचा देव

मामंजी, मी पणजी झाले. आधी एवढं सांगते, बाकीचं मग. तुमच्या नातवाची, म्हणजे माझ्या लेकाची, पोरगी बाळंतपणाला माहेरी, आपल्या बेळगुंदीच्या घरात आली आणि तिला मुलगी झाली. सावळी, डोकंभर जावळ, आणि रडायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. मी बसल्या जागी आपली आपणच हसत असते असं सून म्हणते. हसणार नाहीतर काय करणार. तुम्ही होता तेव्हा मी तुमच्यासमोर धड चार वाक्यं बोलले नाही, डोक्यावर पदर आणि खाली मान. आता चौथी शिकलेली म्हातारी तुम्हाला पानं लिहायला बसलीय, अक्षर वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

पण सांगायचंय ते हसण्यावारी न्यायचं नाही. अंघोळ घालायला बाई मिळत होती, मीच नको म्हटलं. माझ्या हाताखालून सगळी पोरं गेली, हिला दुसऱ्याचा हात कशाला. त्या सकाळी न्हाणीत पाटावर बसले, पाय लांब केले, पायांवर पोरगी पालथी घातली. तेल जिरवून झालं होतं, अंगाला लावलेलं डाळीचं पीठ धुवायचं राहिलं होतं. बादलीतलं पाणी निवलं म्हणून मी गरम पाण्याच्या नळाकडे हात केला. गिझर नवाच, लेकानं मुद्दाम ह्या तान्हीसाठी बसवलेला. नळाला बोटं टेकली आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. हात मागं घेतला. वाटलं, वयानं होत असेल, हल्ली हातपाय बधिर होतात. पण ह्या मुंग्या तसल्या नव्हत्या.

तेव्हा तुमचा आवाज ऐकू आला. तुम्ही बेळगावच्या कारखान्यात वायरमन, घरातली सगळी वायर तुम्ही स्वतःच्या हातानं लाकडी पट्ट्यांवर ओढलेली. मी नवी सून, दिवाळीची साफसफाई करत होते, आणि ओल्या फडक्यानं बोर्ड पुसायला गेले. तुम्ही मला तेवढं एकदाच रागावलात. म्हणालात, "करंट नवी सून बघत न्हाय, जुनी सासू बघत न्हाय. काय बी झालं तर आधी मेन बंद. माणसाला धरायला धावायचं न्हाय." मी तेव्हा चुलीपुढं बसून रडले होते, की पुसायला गेले आणि वर हे ऐकायचं.

तर मी न्हाणीत बसलेय. खाली ओली फरशी, पायांवर तेलकट पोरगी, हलवली तर निसटेल, आणि बादलीतल्या पाण्यात काय आहे नाही ते मला कळत नाही. तेवढ्यात तिची आई, माझी नात, दारात येते, अनवाणी, हातात पंचा. "आजी, नळ सोडू काय गं?"

"तिथंच थांब."

"काय झालं?"

"पाय आत टाकू नको. आईला सांग, मेन बंद कर म्हणावं."

"बाळ दे माझ्याजवळ."

"बाळ माझ्याजवळ हाय. तू हललीस तर बघ."

ती तिथूनच ओरडली. स्वयंपाकघरातून सुनेचं उत्तर, "आत्ता कुठं मेन बंद करू? चटणी वाटायलोय की!" मिक्सर घरघरत राहिला. मी पोरीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून बसले, तिचा श्वास माझ्या तळव्याला लागत होता. नात उंबऱ्याबाहेर पंचा धरून उभी. मग मिक्सरचा आवाज मधेच तुटला, न्हाणीतला दिवाही गेला. तेव्हा मी म्हटलं, "आता ये. घे हिला."

लेक बँकेतून आला, येताना शहरातला वायरमन घेऊन आला. त्यानं गिझर उघडला, त्याची पेटी आतून ओलावली होती म्हणे. पण तो म्हणाला, "हे झालं तरी मुंग्या यायला नको होत्या. करंट जमिनीत गेला असता. ह्या घराचं अर्थिंग कुठं हाय?"

सगळ्यांनी तुळशीकडे बोट दाखवलं.

तो जाऊन बघून आला. "मावशी, तिथं हळदकुंकवाचा धोंडा हाय."

"तोच की."

"तो देव हाय. मी अर्थिंग विचारलं."

आता तुम्हीच सांगा मामंजी, चूक कुणाची. तुम्ही मीटरच्या खाली खड्डा काढलात, कोळसा, मीठ घालून पत्रा पुरलात, तोंडावर गोल धोंडा ठेवलात आणि सासूबाईंना म्हणालात, रोज तांब्याभर पाणी वतायचं, घराला हेच राखतंय. घराला राखतंय म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी कुंकू लावलं. तुम्ही हसलात, "पाणी पडतंय न्हवं? मग पूजा कर न्हाईतर आरती कर." तुमच्या माघारी अंगणात फरशी घातली. गवंडी म्हणाला धोंडा मधे येतो. आम्ही नारळ फोडून, गुरवाला बोलावून, देव तुळशीपाशी नेला. खालच्या पत्र्यापासून मीटरला जाणारी गंजकी तार गवंड्यानं तोडून टाकली. आणि तेव्हापासून आम्ही न चुकता धोंड्यावर पाणी घालतोय, आणि तुमचा खड्डा फरशीखाली कोरडा पडलाय.

वायरमन हसला नाही, ते बरं केलं. त्यानं पट्टीवरची तुमची वायर बोटांत धरली, तर वरचं रबर निपाणीच्या वाळल्या तंबाखूसारखं चुरा झालं. लेक म्हणाला, "गिझर काढून टाकू. बाकी बारशानंतर बघू, पाहुणे यायचेत."

वायरमन म्हणाला, "काढा की. उद्या फ्रिजला हात लावला की मुंग्या येतील."

मीटरच्या खाली तेवढीच जागा सोयीची, तिथली फरशी उचलून नवा खड्डा मारायचा ठरलं, तर सून आडवी आली. "अत्ती, घरात सोयर हाय. सोयरात देवाची जागा उकरायची?" तिचं वाईट वाटून घेऊ नका, ती पोरीच्या भल्यासाठीच घाबरत होती. मी म्हटलं, "देव आपणच हलवलाय गं. तिथं आता नुसती माती हाय. उकर म्हण त्याला." आणि लेकाला म्हटलं, "बारसं पुढं ढकल. पोरीला तोवर चुलीवरच्या पाण्यानं न्हाऊ घालते, पण ह्या भिंतींत जुनी वायर असताना तिला पाळण्यात घालणार न्हाय." एवढं मी ह्या घरात कधीच बोलले नव्हते. लेकानं पाहुण्यांना फोन लावायला घेतले.

आता सगळ्या भिंतींत नवी वायर, तीन-तीन पदरी, त्यातली हिरवी थेट खड्ड्यात जाते. तुमच्या पट्ट्या उतरवताना मला कसंसंच झालं, पण तुम्ही असता तर तुम्हीच आधी स्क्रू काढायला चढला असता. बारसं थाटात झालं. मेनजवळ एक नवा डबा बसवलाय, करंट कुठं बाहेर पडला की तो आपोआप घराची वीज तोडतो. त्याला बारकं बटण आहे. वायरमननं मला दाबायला लावलं, खटकन सगळं बंद. "महिन्यातनं एकदा दाबून बघायचं, मावशी. बंद झालं म्हणजे चांगलं हाय."

हे पत्र कुठं धाडायचं नाही, पोरीच्या दुपट्यांखाली राहील. तुम्हाला तेवढं सांगते, घरात कुणाला ठाऊक नाही. ते बटण मी रोज दाबते, पोरीला न्हाणीत नेण्याआधी. सगळं बंद पडलं की मग परत चालू करते आणि पाट मांडते. सून म्हणते, लाईटवाल्यांना नेमकं अंघोळीच्या वेळेलाच काय होतंय. लेक उद्या त्यांच्या हापिसात तक्रार द्यायला जाणार आहे, आणि मी अजून काही बोललेली नाही.