फोटोला हार

४ डिसेंबर

आज दुकानात नवी मुलगी आली. अरिबा. खाजा पेंटरची पोरगी! मी आणि खाजा एका शिडीवर उभं राहून पाट्या रंगवायचो, तेव्हा फ्लेक्स नावाचा प्रकारच नव्हता. पोरगी पुण्याहून डिझाईन शिकून आलीय. समाधानने माझ्याच शेजारी बसवली. "नाना, तुमचा हात शिकू द्या तिला." मालकाच्या खुर्चीत बसल्यापासून फार गोड बोलतो हा.

शिकू दे! पहिल्याच दिवशी तिने मला शिकवलं. मी माऊसने एकेक बिंदू टाकत एका वऱ्हाडी माणसाचा कान कापत होतो — म्हणजे फोटोतला — तर हिने एक बटण दाबलं आणि केस न् केस वेगळा. मी म्हणालो, "कान तुटला बघ." तुटला नव्हता. तरी म्हणाली, "हो सर, बघते."

सर म्हणते मला. अख्ख्या जळगावात पहिलीच.

तिला एक सांगायचं राहिलं. बटण दाबून कापलेला चेहरा लक्षात राहत नाही. मी बिंदू टाकत नाकाडोळ्यांवरून फिरतो तेव्हा तो माणूस माझ्या ओळखीचा होतो. नंतर बाजारात पाठमोरा दिसला तरी कळतो. माझी सगळी कला एवढीच आहे, बाकी फॉन्ट काय, कुणीही लावतं.

१५ डिसेंबर

समाधान काम वाटतो. वाढदिवस, लग्न, शोरूमचं उद्घाटन — अरिबा. श्रद्धांजली, दशक्रिया, पुण्यस्मरण — मी. "गंभीर कामाला तुमचाच हात लागतो नाना." खुर्ची न हलवता मला स्मशानाच्या बाजूला सरकवलं पठ्ठ्याने!

आज दिवसभर हार घालत होतो. हार म्हणजे चंदनाच्या हाराचं चित्र, कापून ठेवलेलं. फोटोवर टाकायचं, गळ्याला बसवायचं, झालं. माणूस गेला.

२२ डिसेंबर

फुले मार्केटमध्ये एक जण एकदम गळ्यात पडला. पांढरी दाढी, तोंडात दात कमी. मी अंग चोरून उभा. तो म्हणतो, "क्या तोताराम, अपने को भूल गया?" मी म्हणालो, "भूलूंगा कैसे!" कोण ते काही कळेना. मग तो अरिबाचं विचारायला लागला, पोरगी नीट काम करते का, आणि मला दरदरून घाम फुटला.

खाजा होता.

चष्म्याचा नंबर वाढला असणार. दाढीही केवढी वाढवलीय त्याने, कोण ओळखेल!

२३ डिसेंबर

अरिबा म्हणाली, अब्बा काल खूप खूश होते. मी मान हलवली.

१० जानेवारी

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

असोद्याचे निंबा आबा. पंचक्रोशीत मान आहे. दरवर्षी भरिताची वांगी पाठवतात दुकानात. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन, मोठा बॅनर, पूर्ण चौक भरेल एवढा. अरिबा रजेवर, म्हणून काम माझ्याकडे आलं. किती दिवसांनी एक जिवंत माणूस मिळाला! जीव ओतला मी. नवी फाईल कोण उघडतो, आदल्या दिवशीच्या श्रद्धांजलीची चौकट छान जमली होती, तीच घेतली. फोटो बदलला. नाव, मजकूर, रंग, सगळं बदललं. केशरी केलं, भगव्याकडे जाणारं.

हार तसाच राहिला.

सकाळी असोद्याच्या चौकात आबांचा हसरा फोटो लागला, गळ्यात चंदनाचा हार! बायका रडत घरी आल्या म्हणे. आबा ओट्यावर दात घासत बसलेले. त्यांच्या ललितचा फोन आला तो समाधानने सगळ्यांसमोर मोठ्याने लावला. "ओ नाना, माहा बाप जिताजागता हाये ना! त्याच्या गयात हार काहून टाकला तुमी?"

 छपाईच्या मशीनवर पाठवण्याआधी मी बॅनर तपासला होता. पुन्हा पुन्हा तपासला होता. हार मला दिसला नाही. आता फाईल उघडली तर तो एवढा मोठा, पोटापर्यंत लोंबतोय.

११ जानेवारी

दुपारी आबा स्वतः आले, ललितच्या गाडीवर मागे बसून. मी उठून पाया पडलो. आबा हसले, "तुमी तं मले जीत्तेपनीच पोचवलं नाना!" सगळे हसले, मीही. जाताना मात्र माझा खांदा धरून हळूच म्हणाले, "डोये दाखवा एकदा. माह्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं."

पुढे काय झालं भावाचं, ते मी विचारलं नाही.

आजपासून माझं काम अरिबाने पाहिल्याशिवाय मशीनवर जाणार नाही. समाधानने असं म्हटलं नाही. "दोघांनी एकमेकांचं बघा" म्हटलं. मी काय दूधखुळा आहे?

२८ जानेवारी

धुळ्याला जाऊन आलो. जळगावात डोळे दाखवले असते तर संध्याकाळपर्यंत समाधानला कळलं असतं. अक्काकडे जातो सांगून निघालो, आणि खरंच अक्काकडेच उतरलो.

डॉक्टर तरुण मुलगा. बाहुली मोठी करायचे थेंब, मशीनमध्ये हनुवटी, सगळं झालं. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, पडदा चांगला. "काका, डोळे वयाच्या मानाने एकदम छान आहेत!" माझा जीव भांड्यात पडला. उडी मारायचीच काय ती बाकी होती.

मग त्याने विचारलं, चेहरे ओळखायला त्रास होतो का? मी म्हटलं, माझा धंदाच चेहऱ्यांचा आहे. तो म्हणाला, एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. घरच्यांना बरोबर न्या.

आजकाल सगळे एकमेकांकडे पाठवतात. साखळी असते त्यांची.

अक्काने दारातच विचारलं, "काय सांगं डॉक्टरनी?" डोळे एकदम साफ, म्हणालो. "बठ्ठं चांगलं शे ना? मंग तोंड कसाले उतरेल शे तुनं?" प्रवासाने, म्हणालो.

२९ जानेवारी

दुकानात पेढे वाटले. डोळे साफ! समाधानला रिपोर्टच दाखवला. म्हणालो, आता वाढदिवस दे. तो हसला आणि पेढा अर्धाच खाल्ला.

६ फेब्रुवारी

घरी प्रमिलाने विचारलं, डॉक्टर आणखी काही म्हणाले का हो? नाही म्हणालो. 

१७ फेब्रुवारी

सलूनमध्ये आज एक चमत्कारिक म्हातारा. बरोबर माझ्यासमोर बसलेला, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि एकटक माझ्याकडे बघतोय. मी बघितलं तरी नजर हटवेना. मी रागाने भुवया चढवल्या तर त्यानेही चढवल्या! लोकांना वागायची रीत राहिली नाही. उठल्यावर सलूनवाल्याला विचारलं, समोर कोण होता रे तो? तो खो खो हसला. "नाना, तुम्ही पण ना!"

यात हसण्यासारखं काय आहे? घरी येईपर्यंत मागे वळून बघत होतो. उगीचच.

२ मार्च

ऊन तापायला लागलं. मशीनच्या खोलीत शाईचा वास डोक्यात जातो. अरिबा आज माझ्या फाईलमध्ये काहीतरी करत होती, मी आलो तशी उठली. विचारलं तर, "काही नाही सर, अक्षर थोडं सरकलं होतं." किती दिवसांपासून माझी अक्षरं सरकतायत? आणि ही कुणाला न सांगता लावतेय?

की सांगतेय कुणाला?

माझी खुर्ची हवी असेल तिला. हवी असणारच. मलाही माझ्या उस्तादाची हवी होती.

१४ मार्च

निंबा आबा गेले. झोपेतच.

ललित स्वतः आला. डोळे सुजलेले. मला वाटलं आता गचांडी धरतो, त्या दिवशीच्या हाराची आठवण काढून. पण तो माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. "आबा सांगून गेले नाना. म्हने माहा फोटो त्याच मानसाच्या हातून होऊ द्या. या टायमाले त्याचा हार चुकनार नाही." आणि हसता हसता रडायला लागला. मीही रडलो. समाधान उठून बाहेर गेला.

फोटो त्याने व्हॉट्सअॅपवर टाकला. मळ्यातला, केळीच्या घडाजवळ उभे, बापलेक दोघं. दुपारचं जेवण केलं नाही मी. बटण नाही, काही नाही, एकेक बिंदू. कपाळ, भुवया, नाकाचा शेंडा. कोट घातला. मागे निळं आभाळ, फिकट, आबांना शोभेल असं. शेवटी हार. असा बसवला की गळ्यातला वाटावा, चिकटवलेला नाही. पुष्कळ वर्षांत इतकं चांगलं काम झालं नव्हतं. अरिबाला हाक मारली — बघ, याला म्हणतात फोटो कापणं!

ती बघतच राहिली. मला वाटलं, पोरगी भारावली.

मग ती खूप हळू म्हणाली, "सर, हे ललितभाऊ आहेत."

त्याच दिवशीचं पुढे

मघाशी लिहिता येईना.

मी ललितला हार घातला होता. माझ्यासमोर स्टुलावर बसून रडून गेलेल्या माणसाला! कोट घातला, आभाळ दिलं, हार घातला. तिने सांगितल्यावरही मी स्क्रीनकडे बघत होतो आणि मला ते आबाच दिसत होते. खरं सांगतो. मग चेहरा फुटून नाक, डोळे, कपाळ वेगवेगळं दिसत होतं, सगळं मिळून माणूस होईना.

अरिबाने दार लोटून घेतलं. माझ्याच चौकटीत, माझ्याच आभाळात, आबांना आणून बसवलं. हार मी केला तसाच ठेवला. म्हणाली, "कुणाला कळणार नाही, चाचा." पहिल्यांदाच चाचा म्हणाली.

बॅनर असोद्याला गेला. ललितचा फोन आला — नाना, आबा बोलतील असं वाटतं.

आणि मी हिच्यावर संशय घेत होतो.

२० मार्च

भीती वाटते. दुसरं काही नाही लिहिण्यासारखं.

३ एप्रिल

प्रमिला समाधानला भेटून आली. मला न सांगता. विचारलं तर म्हणते, "तुम्ही परवा शेजारच्या वहिनींना माझ्या नावाने हाक मारली. त्या हसल्या. मला नाही हसू आलं." मी खूप ओरडलो. दुकान सोडून मी करू काय? घरात बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघू? तेही दुसऱ्याने डिझाईन केलेलं!

नंतर ती ताट वाढून शेजारी बसली. जेवलो.

१२ एप्रिल

ठरलं. महिनाअखेर माझा सत्कार. शाल, श्रीफळ, दुकानाबाहेर बॅनर. मग घरी.

समाधानला म्हणालो, एक मागणं आहे, माझा बॅनर मी करतो. "स्वतःचा बॅनर स्वतः कुणी करतं का नाना?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून भांडता आलं नाही. पण सगळ्या गावाचे चेहरे मी कापले आणि माझा दुसऱ्याने कापायचा, हे काही पटत नाही.

१८ एप्रिल

अरिबाने फोटो मागितला. माझा आवडता दिला — शिडीवरचा, हातात ब्रश, केस काळेभोर, मागे अर्धी रंगवलेली पाटी. खाजाने काढलेला. ती म्हणाली, "चाचा, छान आहे, पण फार जुना आहे. आताचा काढू?" मी म्हटलं, अजिबात नाही. माणूस ओळखू यायला हवा ना!

तिने मोबाईल खिशात ठेवून दिला.

२६ एप्रिल

उकाडा भयंकर. कुलर नुसताच आवाज करतोय. आज दुकानात काम दिलं नाही कुणी. बसून होतो.

३० एप्रिल

दुकानाबाहेर माझ्या सत्काराचा बॅनर लागलाय. काम बारीक आहे. अक्षरांना श्वास घ्यायला जागा सोडलीय, रंगाचा भडकपणा नाही. शिकली पोरगी. नाव माझंच, बरोबर.

फोटो मात्र दुसऱ्याच कुणाचा! मी दिलेला लावलाच नाही. कुणीतरी म्हातारा आहे, गालफडं बसलेला, चष्मा माझ्यासारखाच. कुठेतरी पाहिलंय त्याला. हां, सलूनमधला तो. समाधान, खाजा, ललित, सगळे त्या फोटोखाली उभं राहून टाळ्या वाजवत होते, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मी बोललो नाही. तिने माझं झाकलं होतं, मी तिचं झाकेन.

गळ्यात हार नव्हता. म्हणजे जो कोण असेल तो, जिवंत आहे अजून.