पुढे उतार नाही

१ ऑक्टोबर, बुधवार

बाबा हो म्हणाले! इतक्या सहज म्हणाले की मीच घाबरले.

आई मात्र दिवसभर भांडी आपटत होती. "शिकलीस म्हणजे रानात झोपायचं का? घरात काय काटे रुततात?" मग तिचं हुकमाचं पान — "पोहता तरी येतं का? बापलेक दोघंही पाण्यात दगड!" म्हटलं, आई, आम्ही डोंगरात चाललोय, समुद्रात नाही.

बाबांना कागदावर सगळा रस्ता काढून दिला. डांबर कुठे संपतं, कच्ची वाट कुठे लागते, टेकडीमागचं तळं, मुक्काम. घरच्यांना अंधारात ठेवून मिळवलेलं स्वातंत्र्य मला नको. घरातली पहिली पदवीधर आहे, मागून येणाऱ्यांची वाट मी बिघडवायची नाही. बाबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. चहा संपवला. उठता उठता एवढंच म्हणाले, "पोरी, कुठेही जा, आधी उतार विचारत जा."

हसू आलं. जन्म ट्रकवर गेला, त्यांना सगळीकडे उतारच दिसणार! लहानपणापासून ऐकतेय — ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. पण विचारायचा कशाला? उतार दिसतोच की! तरी कबूल केलं. बाबा कधी काही मागत नाहीत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तंबूत बसून लिहितेय. मला भीती वाटतेय. हे फक्त इथे.

आम्ही तिघं. कप्तान — मावसभावाची जीप मागून आणलीय आणि मिरवतो असा, जणू जीपसकटच जन्माला आला. चिमणी — कॉलेजात माझ्या बाकावरची, आता औषधांच्या दुकानात काम करते. आणि मी, सभापती. मी प्रत्येक गोष्टीवर मतदान घेते म्हणून हे नाव. तंबू कुठे ठोकायचा, भांडी कोणी घासायची — सगळं हात वर करून. कप्तान वैतागतो. "जगात कुठल्या जीपला चार चाकं आणि एक संसद असते?" असू दे. तीनच माणसं, मतं बरोबरीत अडकायची भीती नाही. आणि एकाच्या हट्टापायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लागत नाही.

आज वाट डोंगराच्या कडेने होती. जीप इतकी कलली की माझ्या खिडकीत नुसतं आभाळ आणि चिमणीच्या खिडकीत नुसती दरी. चाकाखालून एक दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. कप्तान शिट्टी वाजवत होता, ती मध्येच थांबली. दगडाचं काही नाही — शिट्टी थांबली तेव्हा मी चिमणीचा हात पकडला.

"घाबरलीस?" चिमणी म्हणाली.

"छे!"

"मग माझा हात सोड. नखं रुततायत."

४ ऑक्टोबर, शनिवार

रात्रभर डोंगरामागे विजा चमकत होत्या. इकडे थेंब नाही.

सकाळी समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली. बाबांना दिलेला शब्द आठवला. खिडकीतून ओरडले, "दादा, पुढे उतार आहे का?" तो थांबलाही नाही. हात हलवत ओरडला, "उतार नाही आता! कालपर्यंत होता!"

चिमणी हसून हसून लोळली. "कालपर्यंत होता? रात्रीत डोंगर कोणी उचलून नेला?" कप्तान म्हणाला, "हा दुधात पाणी घालत नसणार. दुसरंच काहीतरी स्वतःत घालतो."

रेंज जायच्या आत बाबांना मेसेज टाकला — बाबा, विचारलं. पुढे उतार नाही. रस्ता मस्त!

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

काठावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर रडेन, आणि चिमणीसमोर रडायचं नाही. वही गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत होती म्हणून वाचली. तंबू, पांघरुणं, खाणं — सगळं गेलं. जीप गेली.

दुपारी वाट नदीत उतरली. नकाशात इथे ओढा होता. समोर मातकट, रुंद पाणी — आणि पलीकडे तीच वाट वर चढताना स्वच्छ दिसत होती. कप्तान म्हणाला, "घालू. चाकंसुद्धा बुडायची नाहीत." चिमणी म्हणाली, "तळ दिसत नाही. मागे फिरू." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी विचार केला. शिकल्यासवरल्या माणसाने करावा तसा, मुद्देसूद. दूधवाला म्हणाला उतार नाही. म्हणजे जमीन सपाट. जमीन सपाट म्हणजे पाण्याला ओढ नाही.

मी हात वर केला.

नदीच्या मध्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पाणी आधी पायांत, मग मांडीवर. मग जीप सरकायला लागली — आवाज नाही, धक्का नाही, कोणीतरी पाळणा हलवावा तशी. कप्तानने चिमणीला खिडकीबाहेर ढकललं, मला केसांना धरून ओढलं. नाकातोंडात चिखल. पाण्याने आम्हाला काठावर फेकलं, पण पलीकडच्या! घराकडची वाट त्या तीरावर राहिली. वळणापर्यंत जीपचा टप दिसत होता. मग तोही नाही.

चिमणीची नडगी दगडांत सापडून फाटली. मी ओढणीने बांधत होते आणि तीच मला सांगत होती — "घट्ट. अजून घट्ट. दुकानात अशी पट्टी बांधलीस तर गिऱ्हाईक पळेल." ओठ पांढरेफटक.

तिघांचेही फोन मेले. कप्तान पुढची वाट बघून आला. "दरड आलीय. पुढे जाताच येत नाही." माझ्याकडे न बघता म्हणाला.

दुपारपासून मला कोणी सभापती म्हटलेलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. उजाडताना

चिमणीचं अंग तव्यासारखं तापलंय. पाय टरारून सुजलाय. सारखं पाणी मागते. समोर एवढी नदी, आणि त्यातली ओंजळ तिला द्यायची भीती वाटते. तरी दिली.

कप्तानने पाण्याच्या कडेला काठी रोवलीय. सारखा जाऊन बघतो. आत्ता परत आला नि म्हणाला, "पाण्याला उतार पडला की बघू काहीतरी."

ऐकलं आणि मी गार पडले.

पाण्याला उतार! नदीला उतार! नदी जिथून चालत, गाडी घालून ओलांडता येते ती उथळ जागा! बाबा जेवताना सांगायचे की — "उतार मिळाला नाही, रात्र काठावरच काढली." मी समोर पुस्तक धरून हं हं करायचे. दूधवाला शुद्धीवर होता. कालपर्यंत उतार होता. रात्री वर पाऊस झाला. आता नाही. मी नेमका प्रश्न विचारला, मला नेमकं उत्तर मिळालं — आणि मी हात वर केला.

आणि तो मेसेज! बाबा वाचतील. म्हणतील, पोरीने विचारलं, उतार नाही असं कळलं, म्हणजे मागे फिरली असणार. शहाणी आहे. आणि कुशीवर वळून झोपतील. आम्हाला शोधायला कोणी येणार नाही. उद्या रात्री घरी पोचलो नाही की मग हाकाटी होईल. उद्या रात्रीपर्यंत चिमणी—

नाही लिहीत.

ती मघाशी डोळे मिटूनच म्हणाली, "माझा हात खाली होता हं." ताप बोलला की ती, कळलं नाही.

५ ऑक्टोबर, नंतर

हॉर्न! पलीकडून! दोन छोटे, एक लांब. आमच्या गल्लीत शिरताना बाबा असाच वाजवतात!

६ ऑक्टोबर, सोमवार. घरी

बाबांबरोबर शेजारचे गॅरेजवाले काका होते. पाणी थोडं खाली गेलेलं, तरी छातीपर्यंत. बाबांनी दोरखंडाचं एक टोक ट्रकला बांधलं, एक कमरेला, आणि चपला काढून नीट जोडीने ठेवल्या. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. मी या काठावरून किंचाळत होते — बाबा, उतार नाही! उतार नाही! जन्मात पहिल्यांदा तो शब्द बरोबर वापरला, आणि त्यांनी ऐकला नाही.

मध्ये त्यांचं डोकं दिसेनासं झालं. काका दोर गच्च धरून उभे, दोर ताठ, आणि पाण्यावर कोणी नाही. किती वेळ, माहीत नाही. मग ते आमच्या बाजूला उगवले, गुडघ्यांवर, घाण पाणी ओकत. दम घेतला नाही. दोर झाडाला बांधला, चिमणीला पाठीशी बांधून नेलं. मग माझ्यासाठी पुन्हा आले. कप्तान दोर धरून मागोमाग.

ट्रकमध्ये विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

ओला शर्ट पिळत म्हणाले, "उतार नाही म्हणालीस, ठीक. पण पुढे लिहिलंस, रस्ता मस्त. म्हटलं, पोरीला उतार काही कळलेला नाही. तशीच गाडी काढली." आणि हसले. हसताना खोकला आला. तेव्हापासून खोकतायत. आई म्हणते, "अर्धी नदी पोटात घेऊन आलेत." आल्यापासून माझ्याशी एवढं एकच वाक्य बोललीय.

चिमणीच्या पायाला टाके पडले. हॉस्पिटलमधून तिच्या भावाच्या फोनवरून आईच्या फोनवर तिचा निरोप आला — "सभापती, पुढचं मतदान कधी?" फोन उशीवर ठेवून खूप रडले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हॉस्पिटलच्या बाकावर. चिमणी काल घरी गेली. आत खाटेवर बाबा आहेत. नदीचं पाणी फुफ्फुसात गेलंय. डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या, "तापाला अजून उतार नाही."

या वेळी शब्द कळला.

दार उघडून कोणीही बाहेर आलं की उठून विचारते. बाबांनीच सांगितलंय — आधी उतार विचारत जा.