लोक काय टाइप करतात

प्रिय हान्सोल,

जेजू बेटावर संत्री तोडायला गेले होते, तिथून बुसानला, मग एका बोटीवर भांडी घासली... ते राहू दे. सांगायचंय वेगळंच. घरी सोकचोला परतले तेव्हा आई पुसलेलीच टेबलं पुन्हा पुसत होती. बसस्टँडसमोरचं तिचं सुक्या माशाच्या सूपचं दुकान, बावीस वर्षांचं, आणि जेवायच्या वेळेला आत एक माणूस नाही! तू तिच्याच हाताखाली सूप शिकलास, तिला मावशी म्हणायचास. दुकानाचं इंटरनेटवरचं पान तूच उघडलंस, तुझ्या नावावर. सोडून गेलास तेव्हा त्या पानावर पत्ता घातलास बंदरावरच्या तुझ्या नव्या दुकानाचा. लोक आईचं नाव शोधत आणि येत तुझ्याकडे. आई म्हणाली, "जाऊ दे गं, पोर आहे." मी नाही जाऊ दिलं.

नवं पान उघडलं, पण शोधल्यावर ते वर येईना. 'सोकचो चविष्ट जेवण', 'समुद्र दिसणारं हॉटेल', 'जोडप्यांसाठी', सगळे मोठे शब्द तू आधीच बळकावलेले. मग मी शाळेतल्यासारखी वही घेऊन बसस्टँडवर बसले. भूक लागल्यावर काय टाइप करता, एवढंच विचारायचं. एक ट्रकवाला म्हणाला, "पोरी, 'एकट्याला वाढणारं सोकचो'. सगळीकडे दारावर कागद, दोघांपेक्षा कमी असाल तर येऊ नका! बायकोला ट्रकमध्ये घालून फिरू का मी?" रजेवर निघालेला शिपाई म्हणाला, "पहाटे उघडं." एक आजोबा गाल धरून होते, त्यांनी नातवाकडून शोधून घेतलं होतं, 'दाढ काढल्यावर काय खावं'. आमच्या पानावर जे खरं होतं तेवढंच लिहिलं : आई पहाटे पाचला उघडते, एकट्याला वाढते, मासा इतका शिजवते की चावावा लागत नाही.

पहिल्या आठवड्यात चौघं आले, चौघंही जेवूनच उठले. आता आईला बसायला फुरसत नाही, माझ्यावर खेकसते, "वही ठेव आणि कांदे चीर!" तुझ्याकडे मात्र शंभर येतात आणि ऐंशी दारातून वळतात. अरे, समुद्र दिसतो खरा, पण संडासाच्या खिडकीतून! नको त्या माणसांना हाका मारल्यास, आता त्यांच्या शिव्या खा. मला वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू, गार वाटतं.

मंगळवारी तुझा निरोप आला, "सेबोम, माझ्या दुकानालाही शब्द शोधून दे, जुन्या ओळखीखातर." दिलेत की. दोन दिवस तुझ्या दाराबाहेर उभी राहिले आणि चरफडत बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, आता काय शोधणार? बहुतेकांनी तुझ्या दुकानाचं नाव घालून पुढे टाइप केलं, 'ऐवजी कुठे जेवावं'. त्या नावाचं पान मी लिहिलंय, एकही शब्द खोटा नाही, खाली आईचा पत्ता. कालपासून तुझं नाव शोधलं की ते सगळ्यात वर येतं. काढून टाक म्हणून आता फोन करशील. पत्ता बदललास त्या महिन्यात आईनं तुला सतरा फोन केले होते, तू एकही उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. फोन मीही उचलणार नाही.

तुझ्याच नावाखाली पहिली दिसणारी,
सेबोम