पांघरुणाबाहेरचं गवत

प्रिय सूनबाई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर गेलं नाही म्हणून घाबरू नकोस, घाबरण्याचं खातं या घरात माझ्याकडे आहे. गुडघा आहे तसाच आहे, दोन्ही गाई बऱ्या आहेत, आक्काचं तोंड, माझी थोरली बहीण म्हणून, नेहमीसारखं चालू आहे. पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस त्याकडे येतोच. आधी गवताचं सांगू दे, नाहीतर माझा हात पुढे सरकणार नाही.

गोठ्यामागच्या पट्टीत तू तुझ्या संशोधन केंद्रातलं गवताचं बी पेरून गेलीस. ते हिवाळा काढील की नाही, यावर तुझं वर्षाचं काम आणि माझ्या गाईंचा चारा, दोन्ही अवलंबून. जाताना बजावलंस, की थंडी लागली की कापू नका, वीतभर उंच राहू द्या, आणि बाकी काही करू नका. आता काहीही न करणं मला कधी जमलंय का? स्वयंपाकघरात बसून तू समजावलं होतंस, की थंडी हळूहळू वाढत गेली की गवत आपणच तयारीला लागतं. वाढ थांबवतं, अंगात साखर साठवतं, जीव सगळा जमिनीलगतच्या बुंध्यात ओढून घेतं. पानं जळाली तरी चालतील, बुंधा जगला पाहिजे. तुझ्यासोबत आलेला तो चष्मेवाला तेव्हा आमचा गळका नळ दुरुस्त करत होता. मी त्याला म्हटलं, राहू द्या, आमचं चाललंय. त्याने ऐकलं नाही. आणि गवताला कसली आलीय साखर, असं मी मनात म्हटलं.

मग थंडी पडली. टाकीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची पापडी दिसायला लागली आणि माझा धीर सुटला. घरातली पोती, घोंगड्या, रजया, सगळं नेऊन गवतावर घातलं. निम्मी पट्टी झाकली आणि पांघरुणं संपली. मग ट्रंक उघडली. तुमच्या लग्नात आक्काने शिवलेली ती निळी रजई. पोरगा गेल्यापासून मी तिला कुणाचा हात लागू दिला नव्हता, तुझासुद्धा. तीही घातली. गुरांचे डॉक्टर गाय बघायला आले आणि कुंपणापाशीच थांबले. म्हणाले, "काका, उशी विसरलात काय?" आक्का म्हणाली, "उशी माझी आहे, ती देणार नाही."

झाकलेलं गवत आतून कसं हिरवंगार दिसायचं! मी रोज एक कोपरा उचलून बघायचो आणि खूश व्हायचो. बाहेरचं मात्र पिवळं पडून जमिनीला टेकलेलं. ते गेलं, असं धरूनच चाललो होतो.

एके दिवशी पाऊस झाला, पांघरुणं ओलीचिंब. आक्काने मला न विचारता सगळी ओढून दोरीवर टाकली. ती वाळली नाहीत, आणि त्याच रात्री अशी थंडी पडली, की सकाळी गोठ्याची कडी हाताला चिकटली. हिरवी निम्मी पट्टी शिजवलेल्या भाजीसारखी होऊन पडली होती. मी आक्कावर ओरडलो. ती म्हणाली, "माझ्यावर कशाला? तुझ्या लाडाने मेलंय ते."

तरी मन राहीना. दोन्हीकडचा एकेक ठोंब मातीसकट उपटला आणि डब्यांत लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. आक्का दोन्हींना सारखंच पाणी घालायची, पुटपुटत. झाकलेल्याचा बुंधा काही दिवसांत तपकिरी, मऊ झाला, वास यायला लागला. उघड्यावरच्याचा चाकूने कापून पाहिला तर आत पांढराशुभ्र आणि घट्ट. उरलेल्या बुंध्यातून आज सकाळी पातं दिसलं, सुईएवढं. मी आक्काला हाक मारली, तर ती म्हणाली, मी कालच पाहिलं, तुला हार्टअटॅक येईल म्हणून बोलले नाही.

म्हणजे तुझी निम्मी पट्टी जिवंत आहे. मेलेली निम्मी माझ्या नावावर लिही. केंद्रातल्या साहेबांना सांग, सासऱ्याने रजई घातली. हसतील तर हसू देत.

आता तुझा प्रश्न. पोरगा गेला तेव्हापासून मी तुला असंच झाकून ठेवलं. एकटी जाऊ नको, उशिरा येऊ नको, त्या गावी कशाला नोकरी. तरी तू गेलीस, माझं न ऐकता, ते बरं झालं. चष्मेवाल्याशी लग्न करू का, असं तू मला विचारलंस. दुसरी कुणी कळवून मोकळी झाली असती. पत्र वाचलं तेव्हा मला वाटलं, पोरगा पुन्हा एकदा गेला. तसं नाही, हे कळायला मला एवढा हिवाळा लागला. कर लग्न, पोरी. सूनबाई म्हणायचं मी आता सोडतोय, मुलगी म्हणून लिहितोय. निळी रजई आक्काने धुतली, ती ट्रंकेत परत ठेवलेली नाही, तुम्ही याल तेव्हा लागेल. गवत कापायला येईल तेव्हा दोघं या. आणि त्याला सांग, नळ पुन्हा गळतोय. मी कुणाला बोलावलेलं नाही.

तुझाच,
बाबा