आत्याची भाषा वाचवताना

१ जानेवारी, सकाळी ७
संकल्प: आमची घरची भाषा वाचवायची. ती धड बोलणारी एकटी आत्याच उरली, वय अठ्ठ्याऐंशी. मला सतरा शब्द येतात. त्यातल्या पाच शिव्या. पाया भक्कम आहे.

२ जानेवारी
भाषा संवर्धन समिती स्थापन. अध्यक्ष मी. बायकोला म्हटलं, तू चिटणीस हो. ती म्हणाली, आधी आत्यांना एक फोन करा. बायकोला मोठं चित्रच दिसत नाही.

९ जानेवारी
लेटरहेडचा रंग ठरला. आत्याचा दोनदा फोन. कामात होतो.

१९ जानेवारी, रविवार
रेकॉर्डर घेऊन आत्याकडे. भाषा का मरतात हे तिला आधी नीट समजावलं, म्हणजे तिला स्वतःचं महत्त्व कळेल. दीड तास रेकॉर्डिंग. ऐतिहासिक दिवस.
तिच्या पायाची पट्टी बदलायला रोज एक सिस्टर येतात. वर्षभर ऐकून ऐकून त्या आमची भाषा बोलायला लागल्यात म्हणे. दोघी कशावरून तरी खूप हसल्या. वर्ग सुरू झाले की सिस्टरना प्राथमिकमध्ये घेऊ.

२ फेब्रुवारी, रविवार
तिसरं रेकॉर्डिंग. पंचवार्षिक आराखडा वाचून दाखवला. आत्या मन लावून ऐकते. मध्ये एकदा काही म्हणायला गेली, पण मुद्दा ऐन रंगात आला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. लोगोवाला आला होता. पाच रविवारांचं साडेसात तास रेकॉर्डिंग हातात आहे. घाई कशाला?

३ मार्च
आत्या गेली. पहाटे, झोपेतच. सिस्टरनीच कळवलं. खूप रडलो.
भाषा मात्र माझ्याकडे सुखरूप आहे.

१० मार्च
शब्दकोशाला सुरुवात. पहिलं रेकॉर्डिंग लावलं. मीच बोलतोय. आवाज छान आलाय. दुसऱ्यातही मीच.

१२ मार्च
पाचही संपली. आत्या फक्त 'हं' म्हणते. शेवटच्यात तिचं एकच अख्खं वाक्य आहे. माझ्या सतरा शब्दांपैकी एकही त्यात नाही. बायको म्हणाली, सिस्टरना विचारा.

१३ मार्च, संध्याकाळी ५
सिस्टरकडे गेलो. वाक्य त्यांनी दोनदा ऐकलं, डोळे पुसले. म्हणाल्या, आत्या विचारतायत, बाळा, आता मी बोलू का?
त्यावर मी 'एक मिनिट' म्हणतो. पुढे पंचेचाळीस मिनिटं मीच आहे.